येरवड्यातली एक गल्ली : जागच्या जागी घरबांधणीचे प्रकरण

पुण्याच्या येरवडा परिसरातील सात झोपडवस्त्यांमध्ये कच्ची घरे पाडून त्याच जागी पक्की घरे बांधण्याचे काम २००८ नंतरच्या काही वर्षांत झाले. त्याची चर्चा देशात आणि देशाबाहेरही बरीच झाली, पण ती मुख्यतः वास्तुरचनेच्या अंगाने. घराचे नमुने, त्यांचे नकाशे आणि रंगीत छायाचित्रे यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे पडला : कोणता निर्णय कोणी घेतला, आणि तो घेण्याचा अधिकार त्यांच्याकडे खरोखर होता का? प्रस्तुत प्रकरण त्या प्रश्नापुरते मर्यादित आहे. त्यासाठी एकाच गल्लीचा आधार घेतला आहे. ही गल्ली त्या वस्त्यांमधील अनेक गल्ल्यांच्या अनुभवातून उभी केली आहे. कुटुंबांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत किंवा एकमेकांत मिसळले आहेत. योजनेच्या अटी, रकमा आणि संस्था मात्र जशाच्या तशा दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

येरवडा एके काळी शहराच्या वेशीबाहेरचा भाग होता. मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय आणि दगडाच्या खाणी ही त्याची जुनी ओळख होती. मोलमजुरीसाठी आलेली कुटुंबे इथे सरकारी आणि महापालिकेच्या मोकळ्या जागांवर स्थिरावली. यशवंतनगर, नेताजीनगर, मदर तेरेसा नगर, भाटनगर, वडारवस्ती या त्यांपैकी काही वस्त्या. पुढे विमानतळाचा रस्ता वाढला, कल्याणीनगर उभे राहिले, संगणक कंपन्यांची कार्यालये आली, आणि ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिचा भाव शहरातल्या चढ्या भावांच्या पंक्तीत जाऊन बसला. वस्तीतले पुरुष बिगारी, रंगकाम, रिक्षा आणि वॉचमनची कामे करत; बायका धुण्याभांड्याला नदीपलीकडच्या किंवा शेजारच्या सोसायट्यांत जात. काम पायी पोहोचण्याइतके जवळ असणे हे या कुटुंबांचे सर्वांत मोठे भांडवल होते, आणि पुढचे सगळे निर्णय समजून घेताना ते विसरता येत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘बीएसयूपी’, हा त्याचाच एक भाग. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट चटई क्षेत्राचे पक्के घर मिळायचे होते. येरवड्यात एका घराचा खर्च ३ लाख रुपये धरला गेला. त्यातला निम्मा केंद्राचा, दहा टक्के म्हणजे ३०,००० रुपये कुटुंबाचे, आणि उरलेला वाटा राज्य सरकार व महापालिका यांचा. पुण्यात या योजनेचे पहिले काम हडपसर आणि वारजे इथे बहुमजली इमारतींच्या रूपाने झाले होते, आणि तिथे लोकांना आपली जुनी वस्ती सोडून जावे लागले. येरवड्यात प्रथमच लोक होते तिथेच राहतील अशा रीतीने योजना राबवायची असे ठरले, आणि ते काम महापालिकेने वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्थांना वाटून दिले. सुमारे १,२०० घरांचा वाटा स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन ही वस्त्यांतल्या बायकांच्या बचत गटांची संघटना यांच्याकडे आला.

या निवडीमागे एक जुना हिशोब होता. १९९९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत महापालिकेने पुण्यातील झोपडवस्त्यांत चारशेहून अधिक सार्वजनिक स्वच्छतागृहे स्वयंसेवी संस्थांकडून बांधून घेतली होती आणि त्यांतली बरीच महिला मिलनच्या बायकांनी स्वतः कंत्राट चालवून पूर्ण केली होती. बचतीच्या पाच-दहा रुपयांपासून सुरुवात केलेल्या या बायकांना सिमेंटच्या गोणीचा हिशोब, गवंड्याची हजेरी आणि महापालिकेच्या बिलाच्या फायलीचा प्रवास माहीत झाला होता. महापालिकेच्या अभियंत्यांनीही त्यांच्या कामावर टेप लावून पाहिलेली होती. २००८ मध्ये दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या तेव्हा ओळख करून घेण्यात वेळ गेला नाही. भागीदारीच्या कारभाराविषयी बोलताना हा आधीचा दहा वर्षांचा सराव हिशोबात धरला जात नाही, आणि मग दुसऱ्या शहरांत तोच आराखडा उचलून नेला की तो चालत का नाही, याचे आश्चर्य वाटत राहते.

अडचण

गल्ली जेमतेम पाच फुटांची. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन माणूस आला की समोरच्याने कोणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यायची. दोन्ही बाजूंना मिळून सात दारे. त्यांतली चार घरे पत्र्याची किंवा मातीत रचलेल्या विटांची, दोन स्लॅबची आणि एक अर्धे-अर्धे : खाली पक्की भिंत, वर पत्रा. पावसाळ्यात गल्लीतले पाणी उंबऱ्यावरून आत येई, कारण वर्षानुवर्षे काँक्रीट टाकून टाकून गल्लीची पातळी घरांच्या जमिनीपेक्षा वर गेली होती. हे काँक्रीट दर निवडणुकीच्या आगेमागे नगरसेवकांच्या निधीतून पडत आलेले होते. ड्रेनेजची लाइन एका घराच्या स्वयंपाकाच्या ओट्याखालून जात होती आणि तिचे चेंबर दुसऱ्याच्या न्हाणीघरात उघडत होते.

स्लॅबची दोन सोडून उरलेल्या पाच घरांची स्थिती एकसारखी नव्हती. एका घराच्या जागेवर दोन भाऊ मध्ये पार्टिशन घालून राहत होते, आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र, वडिलांच्या नावावर होता. एका एकट्या बाईची जागा अवघी दीडशे चौरस फुटांची होती. तिच्या शेजारच्या कुटुंबाकडे मात्र साडेतीनशेच्या आसपास जागा होती आणि दर्शनी भागात त्यांचे किराणाचे दुकान होते. एका घरात भाडेकरू होता, मालक उपनगरात राहायला गेलेला. पाचवे कुटुंब साधे म्हणावे असे. पण त्याची भिंत आणि स्लॅबच्या घराची भिंत एकच होती.

योजनेची अट स्पष्ट होती : कच्चे घर असेल तरच लाभ, आणि घर २७० चौरस फुटांचेच. ज्याची जागा जास्त त्याने जास्तीची सोडायची, ज्याची कमी त्याने वर जायचे. ही अट दिल्लीत ठरली, मुंबईत मान्य झाली आणि पुण्यात आदेशाच्या रूपाने पोहोचली. गल्लीत जे काही ठरणार होते ते या अटीच्या आतच ठरणार होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा, म्हणजे ‘एसआरए’चा. पुण्यासाठी हे प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले होते. विकसकाने सत्तर टक्के रहिवाशांची संमती मिळवायची, फुकट सदनिका बांधून द्यायच्या आणि बदल्यात वाढीव बांधकामाचे हक्क घ्यायचे. घर फुकट हे आकर्षण मोठे होते आणि विमानतळ रस्त्याच्या भावामुळे विकसकांनाही त्यात रस होता. पण दुकानदाराला आपले दुकान इमारतीच्या मागच्या बाजूला जाईल अशी भीती होती, एकट्या बाईला लिफ्टच्या देखभालीचा महिन्याचा खर्च दिसत होता, आणि संमती दिल्यानंतर वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्यांच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकलेल्या होत्या.

दुसरा पर्याय स्थलांतराचा होता. वारजे आणि हडपसरच्या सदनिका पाहून आलेल्या बायकांनी घर चांगले असल्याचे सांगितले आणि बसला दोन वेळचे पैसे घालून धुण्याभांड्याची कामे टिकणार नाहीत हेही सांगितले. इथे चर्चा फार लांबली नाही.

तिसरा पर्याय म्हणजे घरांना हात न लावता गल्ली, ड्रेनेज, नळ आणि दिवे एवढेच सुधारायचे. महापालिकेचे खाते हे काम वर्षानुवर्षे करत आले होते, त्यामुळे त्याला विरोध कोणाचाच नव्हता. पण योजनेतला पैसा घरामागे येणार होता, गल्लीमागे नव्हे. हा पर्याय गुणवत्तेवर मागे पडला नाही, त्याला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबात खर्चाचे ठरलेले खाते, नव्हते म्हणून मागे पडला, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवली पाहिजे, कारण शेवटी सगळे दुखणे तिथेच येऊन थांबले.

चौथा पर्याय जागच्या जागी बांधणीचा, आणि त्यातही दोन वाटा होत्या. प्रत्येकाने आपल्या जोत्यावर स्वतंत्र घर बांधायचे, किंवा दोन-चार कुटुंबांनी जागा एकत्र करून सामाईक भिंती आणि सामाईक जिना घेऊन बांधायचे. आरंभीच्या आराखड्यात वास्तुरचनाकारांनी तीन नमुने मांडले होते. एकात आज दोन मजले आणि तिसऱ्याचा भार पेलेल इतका सांगाडा; दुसऱ्यात तळमजला खांबांवर मोकळा, म्हणजे दुकानाला किंवा गाडीला जागा; तिसऱ्यात मधला मजला रिकामा, पुढे ऐपतीप्रमाणे बंद करायला. कल्पना चांगल्या होत्या. पण मोकळा ठेवलेला मजला उद्या बंद होणार आणि २७० चौरस फुटांची अट मोडणार, ही महापालिकेची शंका काही खोटी म्हणता येणार नाही. पुढे प्रत्यक्षात बांधली गेलेली घरे या तीन नमुन्यांपेक्षा कितीतरी वेगवेगळी झाली, कारण कोणत्याच दोन कुटुंबांची जागा सारखी नव्हती.

काय केले गेले

सुरुवात यादीपासून झाली. वास्तुरचनेचे विद्यार्थी आणि महिला मिलनच्या बायका यांनी मिळून घरोघरी मोजणी केली आणि गल्लीचा नकाशा काढला. त्यानंतरचा निर्णय साधा वाटतो, पण या प्रकरणातला तो पहिला महत्त्वाचा टप्पा होता : पात्र कुटुंबांची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावून न थांबता ती समाजमंदिरात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची. यादी वाचताना हरकती तिथल्या तिथे आल्या. अर्ध्या पक्क्या घराचे काय, या प्रश्नावर तासभर वाद झाला, आणि भिंत पक्की असली तरी छत पत्र्याचे असल्याने ते कच्चे धरावे असे गल्लीने ठरवले. अभियंत्याने जागेवर येऊन पाहणी केली आणि तसे मान्य केले. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार इथे काही काळ तरी वाटून घेतला गेला. भाडेकरूच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. तो वर्षानुवर्षे तिथे राहत होता, त्याची मुले जवळच्या मनपा शाळेत जात होती, आणि तरीही लाभ मालकाच्या नावावर गेला. सभेत त्याच्या बाजूने बोलणाऱ्या दोन-तीन बायका होत्या. पण कागद मालकाकडे होते आणि अनेकांचे स्वतःचेही एखादे घर भाड्याने दिलेले होते. सहभागाची सभा म्हणजे दुबळ्याचा आवाज, असे गृहीत धरणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. सभेत जे बसतात त्यांचेही हितसंबंध असतात.

दुसरा टप्पा जिन्याचा. दोघा भावांना दोन स्वतंत्र घरे मिळणार होती, कारण सर्वेक्षणात त्यांच्या चुली वेगळ्या नोंदल्या गेल्या होत्या. पण जागा एकाच घराची होती. २७० चौरस फूट दोन मजल्यांत बसवायचे तर जिना आतच घ्यावा लागतो, आणि अडीच फुटांचा जिना वरखाली मिळून एका लहान खोलीइतकी जागा खातो. दोन घरांना एक जिना घेतला तर ती जागा वाचते. नकाशावर उत्तर उघड होते. थोरल्याच्या बायकोने त्याला ठाम नकार दिला. आज जावा-जावांचे बोलणे आहे, उद्या नसले तर वरच्या घराने खाली उतरायचे कोणाच्या दारातून, असा तिचा मुद्दा होता. वास्तुरचनाकाराने पुठ्ठ्याचे मॉडेल आणून ठेवले. त्यावर महिला मिलनच्या ज्येष्ठ बाईने जिन्याचे तोंड गल्लीकडे फिरवून दाखवले. जिना सामाईक, पण त्याचे दार कोणाच्याच घरात उघडत नव्हते. बदल्यात तळमजल्याच्या पुढच्या खोलीची रुंदी फूटभर कमी झाली. ते थोरल्याने पत्करले, आणि वरची गच्ची धाकट्याने त्याला वापरू द्यायची असे ठरले. हे सगळे महिला मिलनच्या वहीत लिहून दोघांच्या आणि दोघींच्या सह्या घेतल्या. महापालिकेच्या मंजूर नकाशात जिना आला, गच्चीचा करार आला नाही.

एकट्या बाईची जागा आणि दुकानदाराची जादा जागा हा प्रश्न असाच सुटेल असे वाटले होते. दुकानदाराने सत्तर-ऐंशी चौरस फूट सोडायचे होते आणि ते शेजारीच होते. ती जागा बाईला दिली तर तिचे घर दोन मजल्यांत नीट बसले असते. दुकानदाराचे म्हणणे असे की सोडलेली जागा गल्ली रुंद करायला गेली तर त्याचा विरोध नाही, कारण त्याच्या दुकानापुढे गिऱ्हाईक उभे राहील; पण शेजारणीला द्यायची तर तिने काहीतरी मोबदला द्यावा. जमीन मुळात दोघांचीही नव्हती, ती महापालिकेची होती, पण वस्तीत चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला हा मुद्दा पटवणे कठीण असते. नगरसेवकाला मध्यस्थी करायला बोलावले. त्याने दोघांनाही समजावून सांगितले आणि दोघेही त्याचे मतदार असल्यामुळे निर्णय दिला नाही. तिढा महिनाभर राहिला. अखेर निम्मी जागा गल्लीला आणि निम्मी बाईला अशी तडजोड झाली; तिचे घर तीन मजल्यांचे झाले, प्रत्येक मजल्यावर जेमतेम एक खोली.

तिसरा टप्पा घर रिकामे करण्याचा. योजनेत संक्रमण शिबिराची तरतूद नव्हती. घर पाडले की कुटुंबाने स्वतः भाड्याची खोली शोधायची, तिचे डिपॉझिट भरायचे, आणि महापालिकेला द्यायचे ३०,०००ही उभे करायचे. त्यामुळे पाचही घरे एकदम पाडण्याचा कंत्राटाच्या सोयीचा बेत बायकांनी मोडून काढला. आधी दोन, ती स्लॅबपर्यंत आली की पुढची दोन, असा क्रम लावला, आणि पहिल्या दोन घरांतली माणसे गल्लीतल्याच उरलेल्या घरांत आणि वस्तीतल्या नातेवाइकांकडे सामावून घेतली. एकट्या बाईला बचत गटातून कर्ज मिळाले. या क्रमामुळे काम लांबले, आणि लांबल्यामुळे महागले. पण कोणालाही वस्ती सोडावी लागली नाही.

बांधकामाच्या अडचणी अपेक्षेप्रमाणेच होत्या. ट्रक मुख्य रस्त्यावर थांबणार, तिथून वाळू, खडी, विटा, सळई सगळे डोक्यावरून आत आणायचे आणि राडारोडा तसाच बाहेर काढायचा. सरकारी दरसूचीचे दर गाडी कामाच्या जागेपर्यंत जाते असे धरून बांधलेले असतात. या वाहतुकीचा खर्च कोणत्या बाबीखाली दाखवायचा हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. स्लॅबच्या घराला लागून फुटिंग खोदताना त्याची भिंत खचेल म्हणून कॉलम हद्दीपासून आत घ्यावे लागले, आणि आधीच लहान असलेल्या खोलीतून दोन्ही बाजूंची नऊ-नऊ इंच जागा गेली. स्लॅबच्या घराचा मालक रोज येऊन भिंतीवरची चीर पाहत असे. ती चीर जुनीच होती, असे त्याने काम संपल्यावर मान्य केले.

चौथा टप्पा पैशांचा होता, आणि तिथे गल्लीतल्या कोणाच्याही हाती काही उरले नाही. ३ लाखांचा आकडा सुरुवातीला ठरला तो ठरलाच. सिमेंट, सळई आणि मजुरी वाढत गेली तरी तो हलला नाही. बिले जोते, स्लॅब, पूर्णत्व अशा टप्प्यांनी निघत, पण जागेवरची मोजणी, क्षेत्रीय कार्यालय, मुख्य खाते आणि लेखा विभाग असा प्रवास करून धनादेश येईपर्यंत पुढचा टप्पा उंबऱ्यावर येऊन उभा राहिलेला असे. खासगी कंत्राटदार अशा वेळी सिमेंटच्या दुकानदाराकडे उधारी लावतो. महिला मिलनच्या मागे स्पार्कचे फिरते भांडवल होते म्हणून काम थांबले नाही. ते नसते तर लोकसहभागाचे हे उदाहरण अर्धवट स्लॅबच्या रूपाने उभे राहिले असते. फरशी, दारे-खिडक्या, ओटा यांवरचा वाढीव खर्च कुटुंबांनी स्वतः केला. काहींनी दागिने मोडले. योजनेच्या कोणत्याच हिशोबात हा पैसा दिसत नाही.

हाती काय आले

पाचांपैकी चार जागांवर घरे उभी राहिली. भाडेकरूच्या जागेचा मालक बाजूला झाला. त्याला ३०,००० भरण्यापेक्षा दरमहा भाडे परवडत होते. दोन भावांची दोन घरे, दुकानासह दुकानदाराचे घर, एकट्या बाईचे तीन मजल्यांचे घर आणि पाचव्या कुटुंबाचे दोन मजल्यांचे. प्रत्येक घरात संडास आला, आणि पहाटे रांगेत उभे राहण्यातून मुली सुटल्या हा बदल बायका सर्वांत आधी सांगतात. घराची पातळी वर घेतल्याने पावसाचे पाणी आत येणे थांबले. कोणाचे काम सुटले नाही, कोणाची शाळा बदलली नाही, शेजार तोच राहिला. पुनर्विकासाच्या इतर मार्गांशी तुलना केली तर ही कमाई लहान नाही.

पण गल्ली पाच फुटांचीच राहिली. दुकानासमोर दोन-अडीच फुटांचा कोनाडा तेवढा रुंद झाला. दोन्ही बाजूंनी दोन-तीन मजले चढल्यावर खालच्या खोल्यांत दुपारीही दिवा लावावा लागतो. अग्निशमन दलाचा बंब अजूनही आत येऊ शकत नाही. ड्रेनेजची लाइन ओट्याखालून काढून गल्लीत आणली, पण तिचा व्यास जुनाच, आणि संडास मात्र एकाचे पाच झाले. घरांचा पैसा एका खात्याकडे, ड्रेनेजचा दुसऱ्याकडे, आणि दोघांचे वर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. एकट्या बाईचे गुडघे दुखतात आणि स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर आहे. तिने आता तळमजल्यावरच शेगडी मांडली आहे आणि वरची खोली भाड्याने दिली आहे. योजनेच्या दृष्टीने हा भंग आहे, तिच्या दृष्टीने ते निवृत्तिवेतन आहे, आणि मला तिचे बरोबर वाटते.

वेगळे काय करता आले असते

या गल्लीत लोकांनी ठरवलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्या बहुतेक चांगल्या ठरल्या : यादीचे वाचन, जिन्याची दिशा, पाडापाडीचा क्रम. त्यांत चूक झाली असती तर तिची झळ ठरवणाऱ्यांनाच लागणार होती, त्यामुळे त्यांनी काळजी घेतली. जिथे बिघडले ते निर्णय गल्लीत झालेच नव्हते. पक्क्या घरांना वगळण्याची अट घेऊ. गरजूंनाच पैसा मिळावा हा तिचा हेतू योग्य आहे. पण वस्तीच्या नकाशावर तिचा परिणाम असा होतो की नवी घरे ठिपक्या-ठिपक्यांनी उभी राहतात आणि मधली पक्की घरे जागची हलत नाहीत, म्हणून गल्ली सरळ किंवा रुंद करणे कायमचे अशक्य होते. पक्क्या घराला पूर्ण लाभ न देता, रस्त्यासाठी दोन फूट मागे सरकल्यास दर्शनी भिंत बांधून देण्याची लहानशी तरतूद असती तरी या गल्लीतली दोन्ही स्लॅबची घरे बोलणीला आली असती. सभेत तसे सुचवलेही गेले होते. अभियंत्याला ते पटले होते. त्याच्याकडे अधिकार नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत ही सूचना पोहोचवण्याचा कोणताही ठरलेला रस्ता नव्हता. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या लहान भागांतील मतदारांच्या सभांची, तरतूद केली खरी. तिचा या गल्लीला काही उपयोग झाला नाही, कारण ती कागदावरच राहिली.

एकक चुकीचे निवडले गेले, असेही म्हणता येईल. अनुदान घरामागे न देता गल्लीमागे दिले असते, म्हणजे अमुक घरे, अमुक लांबीची ड्रेनेज लाइन आणि अमुक रुंदी असा एकच प्रस्ताव एकाच मंजुरीने गेला असता, तर दुकानदार आणि शेजारीण यांच्यातला महिनाभराचा तिढाही बदलला असता. सोडलेल्या जागेचे मोल गल्लीच्या हिशोबात धरता आले असते. याच्या विरोधातला आक्षेप महापालिकेच्या बाजूने येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही : एक कुटुंब अडून बसले तर आख्ख्या गल्लीचा निधी परत जाईल. त्यासाठी बहुसंख्येची अट घालता येते, पण मग एकट्या बाईसारख्यांच्या अडून बसण्याच्या हक्काचे काय करायचे हे आधी ठरवावे लागेल.

भाडेकरूच्या बाबतीत एक मधला मार्ग उपलब्ध होता. मालक बाजूला झाला तेव्हा ती जागा भाडेकरूच्या नावे लाभासाठी ग्राह्य धरण्याचा प्रस्ताव महिला मिलनने लेखी द्यायला हवा होता. तोंडी विचारणा झाली, तोंडीच नकार आला, आणि फायलीत त्याचा मागमूसही राहिला नाही. लेखी नकार मिळाला असता तर किमान पुढच्या वस्तीत दाखवायला कागद असता.

जमिनीचा प्रश्न कोणीच हाती घेतला नाही, आणि त्याची किंमत नंतर दिसली. घर पक्के झाले तरी जमीन कुटुंबाच्या नावावर झाली नाही. जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात स्वतःच घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड आणि राज्याचे एक असे अडीच लाख रुपये मिळण्याची सोय होती, पण त्यासाठी जमिनीचा मालकी हक्क दाखवावा लागत होता. येरवड्यात पहिल्या फेरीत राहून गेलेल्या कुटुंबांना त्यामुळे ती वाट बंद झाली आणि त्यांच्यापुढे पुन्हा एसआरएच उरली. २००८ मध्ये मोजणी होतच होती. त्याच मोजणीच्या आधारे भाडेपट्ट्याचे प्रस्ताव तयार करून ठेवले असते तर किमान एक दार अर्धे उघडे राहिले असते.

राहता राहिली वही. जिना कोणाचा, गच्ची कोणाची, दोन घरांच्या मधल्या चेंबरची सफाई कोणी करायची, हे सगळे महिला मिलनच्या वहीत आहे आणि महापालिकेच्या फायलीत नाही. धाकट्या भावाने पुढे गच्चीवर पत्र्याची खोली घातली तेव्हा थोरल्याने तक्रार नेली ती क्षेत्रीय कार्यालयात, आणि तिथल्या कारकुनाने मंजूर नकाशा उघडून गच्चीविषयी त्यात काहीच नमूद नसल्याचे सांगितले. सामाईक बाबींचा एक पानाचा करार मंजूर नकाशाला जोडून त्यावर अभियंत्याची सही घेणे, एवढे काम घराचा ताबा देण्याआधी करून घेता आले असते. त्याला कोणत्याही वरच्या परवानगीची गरज नव्हती.